तुरुंगाच्या भिंतीवरचे चित्रपट

(व्याख्यानमालेतील सहाव्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा सूर शक्यतो तसाच ठेवला आहे.)



मागच्या वेळी आपण शिक्षेच्या तत्त्वज्ञानाबद्दल बोलत होतो आणि कांटपाशी येऊन थांबलो होतो. जाताना एका श्रोत्याने माझ्या हातात चिठ्ठी दिली. त्यात एवढंच होतं : "बाई, शिक्षा कळली. तुरुंग राहिला." चिठ्ठी वाचून मला हसू आलं आणि जरा लाजही वाटली. कारण माझ्या चाळीस वर्षांच्या शिकवण्यालाच ती लागू आहे. शिक्षा का द्यावी, किती द्यावी, यावर मी भरपूर बोलले. शिक्षा भोगली कुठे जाते, आणि कोण भोगतं, हे मात्र मी वर्गात कधी आणलंच नाही.

तर आज तुरुंगाबद्दल. आणि त्यातही एका खास गोष्टीबद्दल : तुरुंगाचा प्रश्न लोकांसमोर आणण्यासाठी कला काय करू शकते आणि काय करू शकत नाही. उदाहरण एकाच शहराचं घेते, अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मुलीकडे गेले होते, तेव्हा तिथे मी काही पाहिलं, म्हणून.

आधी थोडा इतिहास. फिलाडेल्फियात 'ईस्टर्न स्टेट पेनिटेन्शरी' नावाचा जुना तुरुंग आहे. १८२९ साली तो सुरू झाला. 'पेनिटेन्शरी' हा शब्द पश्चात्तापावरून आलेला आहे. त्यामागे जे लोक होते, त्यांच्यावर क्वेकर पंथाचा मोठा प्रभाव होता, आणि ती माणसं दुष्ट नव्हती, हे लक्षात ठेवा. उलट त्या काळातले ते सुधारक होते. फटके मारणं, चौकात उभं करून विटंबना करणं, सगळ्यांना एका कोठडीत कोंबणं, हे त्यांना रानटी वाटत होतं. त्यांचं म्हणणं असं की, माणसाला एकटं ठेवा, शांतता द्या, काम द्या, धर्मग्रंथ द्या. मग तो स्वतःच्या आत पाहील आणि त्याला पश्चात्ताप होईल.

म्हणून प्रत्येकाला वेगळी कोठडी. छताला एक झरोका, त्यातून येईल तेवढाच उजेड. कोठडीबाहेर न्यायचं तर डोक्यावर टोपडं घालायचं, म्हणजे त्याला कुणी दिसू नये आणि तो कुणाला दिसू नये. मधोमध एक केंद्र आणि तिथून चाकाच्या आऱ्यांसारख्या निघालेल्या इमारती. ही रचना जगभर उचलली गेली. आपल्याला ती अनोळखी नाही. अंदमानचं सेल्युलर जेल आठवा. मधला मनोरा, त्याला जोडलेल्या सात इमारती आणि एकेका माणसासाठी एकेक कोठडी. माणसाला माणसापासून तोडण्याचा जो विचार पेनसिल्व्हेनियात पश्चात्तापासाठी जन्मला, तोच तिथे राजबंद्यांना मोडण्यासाठी वापरला गेला.

१८४२ साली चार्ल्स डिकन्स हा तुरुंग पाहायला गेला होता. परत आल्यावर त्याने या एकांतवासावर कडक टीका केली. मनावर होणारा हा अत्याचार शरीरावरच्या अत्याचारापेक्षा वाईट आहे, असं त्याचं मत झालं. पण ती पद्धत अधिकृतपणे बंद व्हायला १९१३ साल उजाडलं. तुरुंग १९७१ मध्ये बंद पडला आणि १९९४ पासून तो लोकांना पाहण्यासाठी खुला आहे.

इथे एक तात्त्विक मुद्दा नोंदवून ठेवू, पुढे तो लागणार आहे. या भल्या माणसांची चूक नेमकी कुठे झाली? दयेत तर ती झाली नव्हती. कैद्याच्या मनात काय चालतं हे त्यांनी स्वतःच ठरवलं आणि कैद्याला विचारलं नाही, इथे ती झाली.

आता आकड्यांकडे येऊ. १९७० च्या सुमारास अमेरिकेतल्या राज्यांच्या आणि केंद्राच्या तुरुंगांत मिळून दोन लाखांच्या आत माणसं होती. २००९ च्या आसपास हाच आकडा सोळा लाखांवर गेला. स्थानिक कोठड्या, ज्यांना तिकडे 'जेल' म्हणतात, त्या धरल्या तर तेवीस लाखांच्या घरात. अलीकडे तो थोडा उतरला आहे, पण अजून अठरा लाखांच्या वरच आहे. याला तिकडे 'मास इन्कार्सरेशन' म्हणतात. मी त्याला 'घाऊक तुरुंगवास' म्हणते. घाऊक अशासाठी की, एकेका माणसाचा एकेक गुन्हा तोलून शिक्षा देण्याऐवजी ढिगाने माणसं आत टाकली गेली.

हे का झालं? गुन्हे वाढले म्हणून, असं साधं उत्तर देता येत नाही. १९९० च्या दशकात गुन्हे उतरू लागले, तरी कैद्यांची संख्या चढतच होती. १९७१ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी अमली पदार्थांविरुद्ध मोहीम उघडली. पुढे किमान शिक्षेचे कायदे आले, म्हणजे न्यायाधीशाला वाटलं तरी शिक्षा कमी करता येऊ नये. १९८६ च्या कायद्यात एक विलक्षण तरतूद होती. पाच ग्रॅम 'क्रॅक' कोकेनला जी किमान शिक्षा, तीच शिक्षा लागायला भुकटीच्या रूपातलं कोकेन पाचशे ग्रॅम लागायचं. पदार्थ मुळात एकच. पण क्रॅकच्या खटल्यांत प्रामुख्याने काळे लोक सापडत होते. ते शंभरास एक हे प्रमाण २०१० मध्ये अठरास एक करण्यात आलं. एक झालं नाही, हेही लक्षात घ्या. अमेरिकेच्या लोकसंख्येत काळे लोक साधारण १३ टक्के, आणि तुरुंगांत साधारण एक तृतीयांश.

आता, हे आकडे मी वाचून दाखवले. तुमच्यापैकी किती जणांच्या पोटात काही हललं? खरं सांगा. आकडा मोठा झाला की तो माणसाला कळेनासा होतो. इथे कलेचं पहिलं काम सुरू होतं.

ईस्टर्न स्टेटच्या आवारात २०१४ मध्ये एक शिल्प उभं केलं. शिल्प कसलं, आलेखच तो! १६ फूट उंच, लोखंडी. एका बाजूने पाहिलं तर १९०० पासून दर दशकाला तुरुंगवासाचं प्रमाण किती होतं, ते दिसतं. सत्तर वर्षं बुटके खांब, आणि मग एकदम डोक्यावर जाणारे. दुसऱ्या बाजूने गेलात तर जगातल्या देशांची तुलना. तिसऱ्या बाजूने वंशानुसार वाटणी. तुम्ही त्याच्या पायाशी उभे राहता आणि मान वर करून पाहावं लागतं. तोच आकडा, जो वर्तमानपत्रात तुम्ही डोळ्यांआड करता, तो इथे तुमच्या शरीराला कळतो.

तिथेच आतमध्ये २०१६ पासून आजच्या तुरुंगांबद्दलचं प्रदर्शन आहे. त्याच्या वाटेवर तुम्हाला एक प्रश्न विचारतात : तुम्ही कधी कायदा मोडला आहे का? हो असेल तर या बाजूने जा, नसेल तर त्या बाजूने. मी थबकले. सिग्नल तोडला असेल, भाड्याची पावती न घेता व्यवहार केला असेल. मग 'हो'च्या बाजूने गेले. आणि तिथे चालताना मला एक जुनी गोष्ट आठवली, जी मी आजवर व्यासपीठावरून सांगितलेली नाही.

१९८७ साल. आमच्या घरी रंगकाम चालू होतं. त्या आठवड्यात माझ्या पाटल्या गेल्या. फिर्याद दिली. पोलिसांनी विचारलं, "कुणावर संशय?" रंगाऱ्याच्या हाताखाली एक पोरगा होता, एकोणीस-वीस वर्षांचा, परजिल्ह्यातला. मी त्याचं नाव सांगितलं. का, तर तो दोनदा आतल्या खोलीत पाणी मागायला आला होता. एवढंच. त्यानंतर मी तो विषय विसरले. मुलांच्या परीक्षा, माझी व्याख्यानं. जवळजवळ वर्षाने साक्षीचं समन्स आलं तेव्हा कोर्टात कळलं की तो पोरगा अकरा महिने आतच आहे. जामीन मंजूर झाला होता, पण इथे त्याला जामीनदार मिळत नव्हता. पुढे पुराव्याअभावी तो सुटला. पाटल्या कधीच सापडल्या नाहीत. त्याने घेतल्या की नाही, मला आजही माहीत नाही.

आणि त्या अकरा महिन्यांत मी एम. ए.च्या वर्गाला काय शिकवत होते? कांटचा शिक्षाविचार. कांट तर कठोर. तो म्हणतो, बेटावरचा समाज उद्या विसर्जित होणार असेल, तरी तुरुंगातल्या शेवटच्या खुन्याला आधी शिक्षा झालीच पाहिजे. पण तोच कांट असंही म्हणतो की, शिक्षा फक्त एकाच कारणासाठी देता येते : त्या माणसाने गुन्हा केला म्हणून. समाजाला धाक बसावा म्हणून नाही, सोय म्हणून नाही. मग ज्याचा गुन्हा सिद्धच झालेला नाही, त्याला अकरा महिने कोंडणं कांटच्या कुठल्या ओळीत बसतं? कुठल्याच नाही. सगळ्यात कठोर तत्त्वज्ञसुद्धा त्या पोराच्या बाजूने उभा होता, आणि मला, कांट शिकवणाऱ्या बाईला, ते दिसलं नाही. कारण मला विचार माहीत होता, पण माणूस माझ्यासमोर नव्हता. म्हणजे माझी चूक त्या क्वेकर मंडळींच्या जातीचीच. मीही विचारलं नव्हतं.

तर, आता त्या संध्याकाळकडे येते. २०१९ च्या ऑगस्टच्या मध्यापासून महिनाभर ईस्टर्न स्टेटच्या बाहेरच्या भिंतीवर, म्हणजे त्या तीस फुटी दगडी तटावर, रात्री चित्रपट दाखवले जात होते. छोटे ॲनिमेशनपट, एकूण वीस. ते बनवणारे लोक त्या वेळी तुरुंगात होते. काही चेस्टर इथल्या राज्य तुरुंगातले पुरुष, काही शहराच्या तुरुंगातल्या स्त्रिया. कलाकारांनी तुरुंगात जाऊन त्यांना तंत्र शिकवलं. गोष्ट, चित्रं आणि आवाज त्यांचे.

लोक घड्या घालायच्या खुर्च्या घेऊन आले होते. शेजारची कुटुंबं, मांडीवर पोरं, एकदोन कुत्री. आपल्याकडे गणपतीत रस्त्यावर पडदा लावून सिनेमा दाखवायचे ना, अगदी तसं. माझ्या लक्षात राहिलं ते असं की, त्यात घर फार होतं. आई, मुलं, वाट पाहणं. हात थोडा कच्चा, कागद कापलेला दिसतो, पण आवाज ऐकताना तुम्ही गप्प होता. आणि ज्या भिंतीने दीडशे वर्षं माणसांचा आवाज बाहेर येऊ दिला नाही, तीच भिंत पडदा झालेली.

इथे मला मिरांडा फ्रिकर या तत्त्वज्ञ बाईंचा एक विचार उपयोगी वाटतो. २००७ मधल्या त्यांच्या पुस्तकात त्यांनी ज्ञानाच्या व्यवहारातल्या अन्यायाची मांडणी केली आहे. साध्या शब्दांत : माणसाचं म्हणणं खोटं ठरवून नव्हे, तर तो कोण आहे एवढ्यावरूनच त्याच्या शब्दाचं वजन कमी करणं, हा एक स्वतंत्र अन्याय आहे. आपण म्हणतो ना, "त्याचं काय ऐकायचं, तो तर आत जाऊन आलाय." तुरुंग माणसाचं स्वातंत्र्य घेतो हे कायद्यात लिहिलेलं आहे. तो माणसाचा शब्दही घेतो, हे कुठेच लिहिलेलं नाही, पण घडतं. कलेचं दुसरं काम हे : ज्याच्याबद्दल सगळे बोलतात, त्याला बोलणारा करणं.

पण थांबा. तुमच्यातल्या काहींच्या मनात एक प्रश्न कधीचा उभा असेल. ज्याच्या घरातला माणूस मारला गेला, त्याने त्या भिंतीकडे पाहून काय म्हणायचं? हा प्रश्न बाजूला सारून बोलणारा सुधारक मला अप्रामाणिक वाटतो.

त्याच शहरात याचं एक उत्तर शोधण्याचा प्रयत्न झालेला आहे. फिलाडेल्फियात सार्वजनिक भित्तिचित्रांची मोठी चळवळ आहे. १९८४ मध्ये भिंती खराब करणाऱ्या मुलांना चित्रकलेकडे वळवण्यातून ती सुरू झाली. पुढे ग्रेटरफर्ड नावाच्या मोठ्या तुरुंगातले कैदीही त्यात काम करू लागले. त्यांना बाहेर येता येत नव्हतं, म्हणून ते आत कापडाच्या तुकड्यांवर रंगवायचे आणि ते तुकडे बाहेर भिंतीवर चिकटवले जायचे. एका प्रकल्पात कैद्यांना आणि गुन्ह्यांत आपली माणसं गमावलेल्या लोकांना एकत्र बसवलं. दोघांनी मिळून एक चित्र ठरवायचं. आणि जमलं नाही. जखम कुणाची आधी दाखवायची, क्षमेचा विषय कुणी काढायचा, यावर वाद झाले, संताप झाला.

शेवटी काय झालं? २००४ मध्ये दोन चित्रं झाली, दोन भिंतींवर. एक पीडितांच्या वाटचालीचं, एक कैद्यांच्या वाटचालीचं. मला हे फार मोलाचं वाटतं. एकच गोड चित्र काढलं असतं तर ते खोटं झालं असतं. दोन दुःखं आहेत, ती एक होत नाहीत, पण ती एकाच वस्तीत राहू शकतात. कलेचं तिसरं काम हे : समेट लादायचा नाही, पण दोन्ही बाजूंना एका जागी उभं करायचं. कोर्टात हे होत नाही. तिथे पीडित हा साक्षीदार असतो, आरोपी गप्प बसतो, आणि वकील बोलतात.

आता मर्यादा. भिंतीवरच्या चित्रपटाने एकही माणूस सुटत नाही. माणसं सुटतात ती कायद्याने. याच पेनसिल्व्हेनियात, लहान वयात केलेल्या गुन्ह्यासाठी मरेपर्यंतची जन्मठेप भोगणारे सुमारे पाचशे लोक होते. देशात सर्वांत जास्त. २०१२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अल्पवयीनांना अशी शिक्षा सरसकट देता येणार नाही असं ठरवलं, आणि २०१६ मध्ये तो नियम जुन्या खटल्यांनाही लावला. मग सुटका सुरू झाली. १९५३ साली पंधरा वर्षांचा असताना आत गेलेला एक मुलगा २०२१ च्या फेब्रुवारीत बाहेर आला, तेव्हा त्र्याऐंशी वर्षांचा होता. अडुसष्ट वर्षं! हे काम वकिलांचं, न्यायाधीशांचं. पण कायदा बदलल्यावर त्या माणसाला घर भाड्याने कोण देणार, काम कोण देणार, शेजारी कोण बसणार, हे कोर्ट ठरवत नाही. ते रस्त्यावर खुर्ची टाकून बसलेली माणसं ठरवतात. म्हणून तो महिनाभराचा खेळ मला वाया गेलेला वाटत नाही.

आणि आपण? या बाबतीत आपण काही उपरे नाही. १९३९ च्या सुमारास औंध संस्थानात, आटपाडीजवळ, स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची खुली वसाहत उभी राहिली. भिंत नाही, कुलूप नाही, शेती करायची आणि कुटुंबासह राहायचं. त्यावरून ग. दि. माडगूळकरांची कथा आणि व्ही. शांताराम यांचा १९५७ चा 'दो आँखें बारह हाथ'. जगाने तो सिनेमा गौरवला. आपण डोळे पुसले आणि घरी गेलो. २०२२ च्या अखेरीस भारतातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार माणसं होती आणि त्यांतली शंभरातली साधारण शहात्तर कच्चे कैदी होते. म्हणजे माझ्या पाटल्यांच्या खटल्यातल्या पोरासारखी. अमेरिकेचा रोग घाऊक शिक्षेचा, आपला रोग शिक्षेआधीच्या कैदेचा. तिथल्या स्थानिक जेलमध्येही बहुसंख्य लोक अजून दोषी ठरलेले नसतात, तेवढं साम्य आहे. पण आपल्याकडे वीसपैकी पंधरा माणसांबद्दल न्यायालयाने अजून काही म्हटलेलंच नाही.

वेळ झाली आहे. दोन प्रश्न घेते.

प्रश्न : बाई, अशा कला-कार्यक्रमांमुळे कैदी पुन्हा गुन्हा करत नाहीत, असं सिद्ध झालं आहे का?

उत्तर : तुरुंगातल्या शिक्षणाबद्दल पुरावा चांगला आहे. रँड संस्थेच्या २०१३ च्या अभ्यासात शिक्षण घेतलेल्या कैद्यांची पुन्हा तुरुंगात जाण्याची शक्यता बरीच कमी आढळली. कलेबद्दल मी सावध राहीन. नाटकाच्या गटात जो आपणहून येतो, तो मुळातच बदलायला तयार असलेला असू शकतो. आणि माझा मुद्दा त्यावर उभा नाही. उद्या सिद्ध झालं की चित्र काढून गुन्हे कमी होत नाहीत, तर काय त्याचं बोलणं बंद करायचं? माणूस उपयोगी ठरला तरच त्याला बोलू द्यायचं, हे कांटला चाललं नसतं.

प्रश्न : आम्ही इथे बसून नक्की काय करावं?

उत्तर : छान. तीन गोष्टी. एक, कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या कायद्याने दिलेला आहे, त्याचं उत्पन्न कितीही असो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण तुमच्या कोर्टाच्या आवारात असतं. ओळखीत कुणी आत असेल तर त्या घराला तिथे घेऊन जा. दोन, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९. आधी कुठल्याच गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या आरोपीने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर त्याला बंधपत्रावर सोडायचं आहे. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून जास्त खटले सोडून. आणि अर्ज करण्याची जबाबदारी तुरुंग अधीक्षकावर टाकली आहे. हे आतल्याला माहीत नसतं, बाहेरच्याने सांगावं लागतं. तीन, जामीनदार. १९७८ मध्ये मोतीराम नावाच्या एका गवंड्याच्या खटल्यात हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला होता. दहा हजारांचा जामीन, आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून भाऊ जामीनदार नको! न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ते चूक ठरवलं. नऊ वर्षांनी माझ्याच शहरात तेच घडलं, कारण निकाल कागदावर होता आणि त्या पोरासाठी कोर्टात उभं राहून तो वाचून दाखवणारं कुणी नव्हतं.

मी तेव्हा एक अर्ज केला असता, एखाद्या वकिलाला दोन शब्द सांगितले असते, तरी अकराचे दोन महिने झाले असते. फिर्याद मागे घ्यायचीही गरज नव्हती. फक्त विचारायला हवं होतं, की तो आहे कुठे.

पुढच्या वेळी क्षमा या विषयावर बोलू. त्याआधी जमलं तर 'दो आँखें' पुन्हा पाहून या, आणि या वेळी डोळे पुसून थांबू नका. नमस्कार.